साहेबांचा तास

वर्ध्याच्या वेशीबाहेरचं ते इंजिनिअरिंग कॉलेज नवंकोरं होतं. इमारत नवी, पाटीवरचा रंग नवा. शिकवणाऱ्यांत जुने होते ते एकटे लक्ष्मणराव भोयर, आणि तेच नेमके तात्पुरते होते. कॉलेज निघालं तेव्हापासून तात्पुरते. मधल्या काळात नागपूरची राजधानी गेली, मध्यप्रदेश सुटून मुंबईचं राज्य आलं, पण लक्ष्मणरावांच्या नावामागचं 'तात्पुरते' काही सुटलं नाही.

तात्पुरत्यांची एक रीत होती. एप्रिलात परीक्षा आटोपल्या की वर्कशॉपची किल्ली तानबा शिपायाच्या हाती द्यायची, आवारातली खोली रिकामी करायची आणि जुलैत बोलावणं येईपर्यंत कॉलेजचं तोंड पाहायचं नाही. म्हणजे मधल्या सुट्टीत माणूस नोकरीत नसे, आणि नोकरीत नसला की त्याला कायम करायचा प्रश्नच येत नसे. ज्यानं ही युक्ती काढली त्याचं डोकं इंजिनिअरचंच असणार. त्यांची बायको सुलोचना दर उन्हाळ्यात ट्रंक भरून तळेगावला माहेरी जाई, आणि लक्ष्मणराव हिंगणघाटच्या एका जिनात. कापसाचा हंगाम संपला की तिथली यंत्रं खोलून दुरुस्त करतात. हे तेलात कोपरापर्यंत बुडून ती दुरुस्त करत. एकदा त्यांच्याच वर्गातला एक पोरगा बापाबरोबर तिथं आला आणि त्यानं सरांना ओळखून मान खाली घातली. ती खाली गेलेली मान लक्ष्मणरावांच्या काळजात रुतून बसली होती.

विभागप्रमुख कर्नेवार साहेब विलायतेत शिकून आलेले. ते मोठमोठे लेख लिहीत, कारखान्यांना सल्ला देत, मुंबईला सभांना जात. या सगळ्यात वर्गावर जायला सवड कुठली मिळायची? सकाळची ड्रॉइंग, दुपारचं वर्कशॉप, मधले बॉयलर आणि पाण्याची यंत्रं, सगळं लक्ष्मणरावांच्या गळ्यात. आणि तो गळाच आता दगा देऊ लागला होता. संध्याकाळपर्यंत आवाज फाटून जाई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तास कमी करा, नाहीतर बोलणं विसरा."

अशात विद्यापीठाची तपासणी कमिटी यायची ठरली. साहेबांनी लक्ष्मणरावांना खोलीत बोलावलं. एरवी उभं ठेवणाऱ्या माणसानं खुर्ची पुढे केली.

"भोयर, सगळं शिकवणं एका तात्पुरत्या माणसावर चाललंय हे कमिटीला कळलं, तर विभागाची मान्यता जाईल. मान्यता गेली की मुलांची पदवी गेली. त्या दिवशी तास मी घेतो. मान्यता टिकली तर कमिटीकडे मागितलेल्या नव्या कायम जागा मिळतील. पहिली तुमची. मी शब्द देतो."

लक्ष्मणराव हुरळून घरी गेले. "यंदा ट्रंक नको काढू," ते सुलोचनाला म्हणाले. "कायमचे होऊन राह्यलो आपण."

सुलोचनानं पदर खोचला. मग ट्रंक उचलून माळ्यावर फेकली, चुना आणून खोली रंगवली आणि दारापुढं तोंडलीचा वेल लावला. तात्पुरत्यांच्या दारी वेल नसतो.

मग तालमी सुरू झाल्या. धडा ठरला होता इंजिनाच्या जड चाकाचा. आधी साहेबांना शिकवायचं, दार लावून. साहेबांचे लेख विलायतेत छापून येत, पण वर्कशॉपातल्या इंजिनापुढं उभं राहून चार वाक्यं बोलायची म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे. लक्ष्मणराव पुन्हा पुन्हा सांगत, "साहेब, जात्यापासून सुरू करा. बाई दळताना हात बदलते, तरी जातं फिरतच राहते. हात थांबला तरी दगडातला जोर थांबत नाई. मग चाकावर या." साहेब मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकापासून सुरू करत.

त्यानंतर पोरांची तालीम.

"पोट्टेहो, कमिटीनं इचारलं, हे तुमाले कोण शिकवते, तर काय सांगसान?"

"तुमी, सर!"

"नाई. साहेब. जोरानं म्हणा."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकानं विचारलं, "काऊन जी? खोटं काऊन सांगाचं?"

"तुमची पदवी पाह्यजे ना तुमाले? मंग म्हणा." पोरं म्हणेनात तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. शेवटी सगळा वर्ग एका सुरात 'साहेब' म्हणाला, तेव्हाच त्यांनी सोडलं. अर्धवट शिकवायची त्यांना सवयच नव्हती.

कमिटीच्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला होता. ते मागच्या बाकाशी अवजारं पुसत उभे राहिले. साहेब पुढं गेले, घसा खाकरला आणि जात्यापासून सुरू झाले. चाकाशी येऊन अडखळले, तर पुढचं वाक्य पोरांनीच पुरं केलं. कमिटीनं आडवेतिडवे प्रश्न टाकले, पोरांनी एकही खाली पडू दिला नाही. लक्ष्मणरावांचा ऊर भरून आला. तो अभिमान खरा होता, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

"वा!" कमिटीचे वयस्कर अध्यक्ष म्हणाले. "हे सगळं तुम्हाला शिकवतं कोण?"

"साहेब!" वर्ग गरजला.

अध्यक्ष खूश होऊन कर्नेवारांकडे वळले. "प्रमुख स्वतः इतका जीव ओतून शिकवतात, असा विभाग मी पाहिला नाही. मान्यता पक्की समजा. पण मग जादा जागा कशाला मागता? आणि हे मागं उभे आहेत ते तात्पुरते गृहस्थ तरी कशाला हवेत? आम्ही तसं लिहून टाकतो."

साहेब बोलतील म्हणून लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेब रुमालानं हातावरचा खडू पुसत होते. पुसण्यासारखा फारसा नव्हता, तरी बराच वेळ पुसत होते.

"आपल्याला काही म्हणायचंय?" अध्यक्षांनी सभ्यपणे विचारलं.

लक्ष्मणरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एक वाक्य पुरे होतं. बसलेल्या आवाजातही ते ऐकू गेलं असतं. पण समोर ती सगळी पोरं मागं वळून बसली होती. ज्यानं जिनात मान खाली घातली होती, तोही होता. आज त्याची मान वर होती आणि डोळे सांगत होते, बोला सर, आम्ही आहोत. खरं बोललं तर मान्यता जाणार, आणि तिच्याबरोबर ही पोरं जाणार.

"नाई जी," लक्ष्मणराव म्हणाले. "काही नाई."

कमिटी जेवायला गेल्यावर साहेबांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "वाईट झालं, भोयर. माझा इलाज नव्हता." मग जरा घुटमळून म्हणाले, "आता जुलैपासून तास मलाच घ्यावे लागतील. सुट्टीत चार दिवस येऊन बॉयलरचा भाग तेवढा मला करून द्याल?"

लक्ष्मणराव वळून वर्कशॉपात अवजारं आवरायला गेले.

परीक्षा आटोपल्यावर त्यांनी वर्कशॉपची किल्ली तानबाच्या हातात ठेवली. तानबा दरवर्षीच्या सवयीनं म्हणाला, "बरं जी, जुलैत येजा," आणि लगेच जीभ चावून दुसरीकडे पाहू लागला.

ते घराकडे निघाले. इतके दिवस 'कागद यायचा आहे' असं सांगून त्यांनी सुलोचनाला थोपवून धरलं होतं. ती दारापुढं वेलाला पाणी घालत होती. वेल दोरीवर चढू लागला होता. तिनं तांब्या खाली ठेवला.

"आला का जी कागद? काय झालं?"

"पास झाले," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कोण?"

"साहेब."

तिनं तांब्या उचलला. राहिलेलं पाणी वेलाला घातलं, आत गेली आणि माळ्यावरची ट्रंक खाली ओढली.