पहिला चीक

चिमणाबाईनं ओलं वासरू दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचं तोंड थेट गाईच्या आचळाला लावलं. त्याचं अंग पुसायलाही ती थांबली नाही.

शेजारची सुलाबाई पातेलं घेऊन हजर होतीच. मखमलाबादच्या मळ्यात कुणाची गाय व्याली की खरवसाचा सुगावा तिला कसा लागतो, देव जाणे. आधी गाईची जार-वार पडू दे, मग पाज, असं तिचं म्हणणं पडलं. पण गुरांच्या बाबतीत चिमणाबाई कुणाचं ऐकत नसे.

"थांबायचं नाय," ती म्हणाली. "पहिला चीक पोटात गेला तरच वासरू तग धरतं. मागून किती का दूध पाज, त्याची सर नाय."

बोलून झाल्यावर तिचं लक्ष ओट्यावर गेलं. तिथं तिची सून मोहिनी बाजारात न्यायच्या मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिचे हात थांबले होते.

त्यातली मूठभर फुलं हल्ली घरीच राहत. दूध आटावं म्हणून चिमणाबाई ती सुनेच्या छातीला फडक्यानं बांधून देई. बाळ बारशाच्या आतच गेलं होतं, पण दुधाला ते कुणी सांगायचं?

पोलिओचे डोस गावोगाव नुकतेच सुरू झाले होते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं मोहिनीला बजावलं होतं, की आईचं पहिलं पिवळं दूध हाच बाळाचा पहिला डोस. लगेच पाजलं तर आईच्या अंगावरून जाणंही लवकर आटोक्यात येतं. मोहिनीनं ते घरी येऊन सांगितलं, तर चिमणाबाईनं उडवून लावलं. कोवळ्या जिवाला चीक बाधतो, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. तिनं सुनेचा चीक परसात पिळून टाकायला लावला आणि बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवलं. मग बाळाला हगवण लागली, ताप चढला.

मोहिनी उठून गोठ्याच्या दारापर्यंत आली. तिचा छातीवरचा पदर दुधानं ओला झाला होता.

"त्याला चीक पचतो का, आत्याबाई?"

सुलाबाईनं पातेलं पदराआड केलं आणि ती घरी गेली.

चिमणाबाई होती तिथंच, शेणात बसली. नातवाचं दुःख तिच्या काळजात होतंच, पण आता तिला त्याच्याही आधीचं दुःख आठवलं.

"तुझा नवरा बांधावर झाला," ती म्हणाली. "मी खुरपायला गेले होते. जवळ कोणी नव्हतं. रडायला लागला, तसा छातीला लावला."

चिमणाबाईनं पदरानं वासराचं ओलं अंग पुसलं.

"त्याच्या आधीचे दोघं घरात झाले. सासू होती, सुईण होती. समदं रीतीनं केलं, चीकबी टाकला."

तान्हेपणीच गेलेल्या त्या दोघांचं नावही या घरात कधी निघालं नव्हतं.

"अन् मी जन्मभर सटवाईला बोल लावला."

मोहिनी जरा अंतर ठेवून खाली बसली. तिनं सासूला हात लावला नाही. वासराच्या तोंडातून आचळ सुटलं आणि ते धडपडत दुसरं शोधू लागलं, तेव्हा तिनंच त्याचं तोंड धरून आचळाला लावलं.