चिमट्यांची रांग

मार्जीनच्या तळघरात दर शनिवारी दुपारी एक वाजता खेळ सुरू व्हायचा, आणि सव्वीस वर्षं दिव्याखालची खुर्ची लॉवेलची होती. आजचा तिथला त्याचा शेवटचा शनिवार. चार वाजता मुलगी किर्स्टन गाडी घेऊन येणार, आणि उद्या विमानाने ॲरिझोनाला, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. हात थरथरायला लागल्यापासून त्याने विस्कॉन्सिनच्या थंडीत एकटं राहणं कुणालाच पटत नव्हतं. लॉवेल सोडून.

"जाईन मी," आल्याआल्या तो म्हणाला होता, "पण ओल्डरिक जिवंत पाहिजे. त्याला खिशात घालून नेणार आहे. तिथे कुणी खेळणारं भेटलंच तर?"

ओल्डरिक म्हणजे खेळातलं त्याचं पात्र, कागदावर लिहिलेला बुटका योद्धा. कागद फाटत गेला तसा चार वेळा नव्याने उतरवला, पण योद्धा तोच. नॉर्बर्टने ते ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं, की आज आपलं काम एवढंच. गावच्या ग्रंथालयात जन्मभर पुस्तकांची कार्डं लिहिलेल्या या माणसाचं पात्र वैदू साधूचं होतं, आणि जखमा भरणारा एकच मंत्र त्या साधूकडे उरला होता.

पुलावर हिमराक्षस आडवा आला तेव्हा साडेतीन वाजले होते. सगळ्यांनी वीस बाजूंचा फासा टाकला. ज्याचा आकडा मोठा त्याची पाळी आधी. खेळ आणि राक्षस दोन्ही चालवणारी मार्जीन. तिने नावं लिहिलेले कपड्यांचे चिमटे समोरच्या पुठ्ठ्यावर ओळीने लावले. राक्षस, लॉवेल, चोराचं पात्र खेळणारा ड्वेन, आणि अगदी टोकाला नॉर्बर्ट. त्याला तीन पडले होते.

"म्हणूनच याचं लग्न राहिलं," ड्वेन म्हणाला. "हा 'हो' म्हणेपर्यंत बाई घरी निघून गेली."

पहिल्याच फेरीत राक्षसाची गदा ओल्डरिकवर दोनदा बसली. त्याचा जीव सातावर आला; शून्य झाला की योद्धा पडणार. चिमट्यांची रांग सरकत नॉर्बर्टपाशी पोचली.

"टाक ना मंत्र! कसली वाट बघतोस?" ड्वेन म्हणाला.

नॉर्बर्टला वाटलं, सात म्हणजे अजून उभा आहे. आत्ता मंत्र खर्च केला आणि पुढचा घाव जबरी बसला तर मग काय? पडल्यावर उठवलं तर उपयोग जास्त. की नाही? प्रत्येक कार्ड लिहिताना त्याचं असंच व्हायचं.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"कशासाठी?" मार्जीनने विचारलं. या टेबलावर थांबता यायचं, पण कशासाठी ते नेमकं सांगावं लागायचं. तेच घडलं तर मधेच हात चालवायचा. दुसरं काही घडलं तर पाळी फुकट.

"राक्षसाच्या गदेने ओल्डरिक पडला, तर लगेच मंत्र."

पुन्हा राक्षस. तो काय करणार ते ठरवायला मार्जीनने सगळ्यांसमोर फासा टाकला आणि आकड्याकडे बघत राहिली. "तो ओल्डरिकला मारत नाही. गदा पुलाच्या बर्फावर घालतो." पूल फुटला. ओल्डरिक चिलखतासकट नदीत गेला, आणि थंडीनेच त्याचे आठ गेले. होते सात.

"पडला!" नॉर्बर्ट अर्धवट उठला. "माझा मंत्र!"

"तू गदेने म्हणालास, नॉर्बर्ट."

"अगं, पण बर्फ गदेनेच..."

"गदा बर्फाला लागली. त्याला नदीने पाडलं." तिचा आवाज खाली गेला होता.

"सोड की, मार्जीन. शेवटचा दिवस आहे त्याचा," ड्वेन म्हणाला.

"काही सोडायचं नाही," लॉवेल म्हणाला. "बोललं ते झालं. नियम मीच घातलाय. तुझा चोर यापायी दोनदा मेला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो."

आता पाळी लॉवेलचीच. पडलेल्याने फासा टाकायचा; दहाच्या खाली पडला तर एक फुली, आणि एकच पडला तर दोन. तीन फुल्या झाल्या की संपलं. बर्फाच्या पाण्यात असल्याची एक फुली मार्जीनने आधीच मारली.

"म्हणजे एक पडला तरच," ड्वेनने हिशेब केला. "विसात एक. टाक, म्हाताऱ्या. मग मी, मग नॉर्बर्ट तुला बाहेर काढतोच."

दोन चिमटे. तेवढ्या वेळात नॉर्बर्टला काहीही करता येणार नव्हतं.

लॉवेलच्या बोटांतून फासा टाकण्याआधीच निसटला, लिंबाच्या केकच्या ट्रेवर आपटला आणि ट्रेला चिकटून नॉर्बर्टसमोर थांबला. एक.

"वाकडा पडलाय का रे?" मार्जीनने घाईने विचारलं. "ट्रेला टेकलाय. वाकडा असेल तर पुन्हा टाकायचा."

तिला तिथून दिसत नव्हतं. नॉर्बर्टला दिसत होतं. "जरासा..." त्याने सुरुवात केली.

"नॉर्बर्ट," लॉवेल म्हणाला. "माझ्या तोंडाकडे नको बघू. फाशाकडे बघ."

नॉर्बर्टने बघितलं. "सपाट आहे."

मार्जीनने उरलेल्या दोन फुल्या मारल्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"बाबा, निघू या. रस्ता गोठायच्या आत पोचायला हवं," किर्स्टन म्हणाली. "जिंकलात का?"

"बुडालो."

ती हसली. लॉवेल कोटाच्या चेनशी झटापट करत होता. नॉर्बर्टने हात पुढे केला, पण तोवर किर्स्टनने चेन वर ओढलीसुद्धा. त्याने तो हात टेबलावर ठेवून दिला.

"कागद?" त्याने विचारलं.

"मेलेल्यांचे कागद मार्जीनच्या डब्यात जातात. आता विसरलास होय?" लॉवेलने वरचा खिसा चाचपला आणि हात काढून घेतला. जिन्यापाशी तो वळला. "तुझी पाळी यायचीय अजून. यांना ताटकळत ठेवू नकोस."

तो एकेक पायरी चढत गेला. ड्वेनने राक्षसावर सुरा फेकला. लागला की नाही, ते त्याने नीट बघितलंही नाही.

"नॉर्बर्ट," मार्जीन म्हणाली.

मंत्र जसाच्या तसा होता. मेलेल्यावर तो चालत नव्हता आणि जखमी दुसरं कुणी नव्हतं. लॉवेलचा चिमटा पुठ्ठ्यावर अजून दुसऱ्या जागेवरच होता.

"मी थांबतो," नॉर्बर्ट म्हणाला.

"कशासाठी?" मार्जीनने सवयीने विचारलं.

बाहेर गाडीचं दार लागलं. मार्जीन त्याच्याकडे बघत होती, ड्वेनही. नॉर्बर्टला सांगता येईना.