सगळं मान्य

"अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला? दूध उतू चाललंय!"

मी शिवणयंत्रावरूनच ओरडले. हे ओट्याला पाठ लावून बूट पुसत होते. जरा वळून हात लांब केला असता तर गॅस बंद झाला असता, पण बूट चकचकीत झाले आणि दूध खुशाल उतू गेलं. मी तणतणत ओटा पुसला, हात कोरडे केले आणि पडद्यांचे नमुने बघायला कॉम्प्युटरसमोर बसले. तर माझ्या निळ्या फुलांच्या पडद्याशेजारी एक हसरा म्हातारा उभा. कानामागे हात धरलेला आणि खाली लिहिलेलं, 'ऐकू कमी येतं? आजच तपासून घ्या.'

मी आत्ताच तर ओरडले होते, आणि या डब्यानं तेवढ्यात ऐकलंसुद्धा!

मी एक अर्धवट शिवलेला पडदा त्याच्यावर टाकला आणि मागच्या गॅलरीत जाऊन हळू आवाजात लेकीला फोन लावला. कॉम्प्युटर तिचाच. नोकरीसाठी दूर गेली तेव्हा नवा घेतला आणि हा आमच्या गळ्यात घालून गेली.

"कुजबुजतेस काय आई? त्याला कान नाहीयेत. साधा माइकपण नाहीये त्याला."

"मग कळलं कसं त्याला?"

"कुणीतरी त्या कानातल्या मशीनची साइट उघडून बघितली असणार. साइट उघडली की खाली चौकट येते ना, कुकी मान्य आहेत का म्हणून? तिथे 'सगळं मान्य' दाबलं की झालं. म्हणजे बघ, तू एका दुकानात शिरलीस आणि दुकानदारानं तुझ्या पाठीला गुपचूप खूण केली. मग पुढच्या प्रत्येक दुकानात ती खूण बघून तोच माल दाखवतात."

"मी नाही गं असलं काही बघितलं."

घरात आम्ही दोघंच राहतो.

"बघू का कधी उघडली ती?" तिनं विचारलं. "तो अजून माझ्याच अकाउंटवर चालतो, मला इथून सगळं दिसतं."

"नको," मी म्हटलं. ह्यांचे खिसे मी धुण्याआधी रोज उलटे करते आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. पण हा खिसा निराळा होता.

हे पाणीखात्यात आहेत. जमिनीखालची गळती शोधायची, हे ह्यांचं काम. हातात एक लांब लोखंडी कांडी, तिला वर लाकडी वाटी. कांडी रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. पाइप कुठे फुटलाय ते पाणीच सांगतं, असं हे म्हणतात. खात्यात सगळे ह्यांना 'डॉक्टर' म्हणतात. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा माझा हात सोडून हे रस्त्यावर वाकले होते. मला वाटलं, नाणं बिणं सापडलं. तर म्हणाले, "थांब, इथे काहीतरी कुजबुजतंय." असा हा माणूस. ज्याला दगडमातीखालचं ऐकू येतं, त्याला दूध उतू गेलेलं ऐकू येऊ नये?

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जुळायला लागली. जेवताना ह्यांनी खुर्ची बदलली होती, वारा लागतो म्हणून. फिरताना मला डाव्या हाताला ठेवून चालायला लागले होते. आणि मागच्या महिन्यात शाळेसमोरचा रस्ता ह्यांच्या सांगण्यावरून खोदला, तर खड्डा कोरडा ठणठणीत निघाला. पाइप फुटला होता पार वळणापलीकडे. घरी येऊन म्हणाले, "कांडी जुनी झाली." मी हो म्हटलं. कांडीला काय होतंय, हे तेव्हा सुचलं नाही मला.

आता म्हातारा काही पाठ सोडेना. हवामान बघायला जावं तर म्हातारा, बटणांचे भाव बघावेत तर म्हातारा. एके दिवशी म्हाताऱ्याच्या जागी म्हातारी आली, तीही हसत. ह्यांनाही ते दिसत असणारच. मी खोलीत आले की हे पान बंद करायचे आणि उगाच बातम्या उघडायचे. मीही काही न दिसल्यासारखं शिवायला बसायचे. खात्यात कळलं असतं तर कांडी काढून घेतली असती आणि तक्रारींच्या फोनवर बसवलं असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला फोनवर बसवायचं, एवढी अक्कल कुठल्याही कचेरीत असतेच. पण कांडीशिवाय हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, ते मला कळत नव्हतं. त्या काळजीनं माझी शिवण वाकडी जायला लागली.

रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले असताना खात्यातल्या मॅडमचा फोन आला. ह्यांच्या वरिष्ठ, पण लेकीच्याच वयाच्या.

"काकू, काका फोन उचलत नाहीत. बाजाररस्त्याखाली मोठी गळती आहे, अख्ख्या भागाला पाणी नाही. आज बाजार बंद आहे, रस्ता शांत मिळेल. मी त्यांना घ्यायलाच निघालेय. नकाशा तुमच्या मोठ्या स्क्रीनवर एकदा बघून घेऊ, चालेल ना?"

"या ना," मी म्हटलं आणि मग मला स्क्रीनवरचा म्हातारा आठवला. लेकीला फोन लावला.

"ते कुकी का काय, ते पुसायचं कसं? पटकन सांग."

"आई, सगळंच पुसलं जाईल. तुझं पडद्यांचं पान बंद होईल, निवडून ठेवलेले नमुनेपण जातील कदाचित. पासवर्ड आहे का लक्षात?"

"नाही. सांग गं लवकर!"

ती सांगत गेली आणि मी दाबत गेले. माझे निळ्या फुलांचे, पट्ट्यांचे, वर्षभर जमवलेले नमुने गेले तर गेले. कॉम्प्युटरचा पडदा कोरा झाला. हवामानाचं पान उघडून बघितलं, तर म्हातारा नव्हता. त्याच्या जागी प्रवासाच्या बॅगा होत्या.

मॅडम आल्या, त्यांनी नकाशा उघडला. हे डोकं पुसत बाहेर आले आणि खुर्चीत बसले. मॅडम ह्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहून बोलायला लागल्या. हे मान हलवत होते, पण नजर त्यांच्या ओठांवर होती.

"मॅडम, तिकडे वारा लागतो," मी दुसरी खुर्ची उचलून ह्यांच्या डाव्या हाताला ठेवली. "इथे बसा तुम्ही."

त्या बसल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात असं बघितलेलं मला आठवत नाही. मग बूट घातले, कांडी घेतली आणि मॅडमबरोबर गेले.

दार लागलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी ह्यांची लाज झाकली होती खरी, पण पुन्हा कोरडा खड्डा निघाला तर? एवढी माणसं रिकाम्या बादल्या घेऊन बसलेली. मी झाकायला नको होतं, असं वाटे. झाकलं नसतं तर त्या पोरीसमोर एका हसऱ्या म्हाताऱ्यानं ह्यांचं सगळं सांगून टाकलं असतं, हेही वाटे. दुपारपर्यंत एक टाका धड पडला नाही.

हे परत आले ते रिकाम्या हातांनी.

"कांडी कुठंय?"

"मॅडमकडे दिली." हे कॉम्प्युटरसमोर बसले, दोन-चार पानं उघडून बघितली, म्हातारा कुठेच नव्हता. "तू पुसलंस?"

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"दूध उतू गेलं तेव्हापासून."

हे हसले, अगदी थोडंसं. मग सांगितलं. रस्त्यावर तीन ठिकाणी कांडी लावली. उजवा कान बहिरा. डावा लावून बघितला. "डाव्यानं माणसं ऐकू येतात गं. पाणी नाही येत." मॅडमनी विचारलं, काका, कुठे खोदायचं? तेव्हा हे म्हणाले, माझ्या भरवशावर खोदू नका, मला आता ऐकू येत नाही, शहरातून गळती शोधायचं मशीन मागवा.

"काय म्हणाल्या त्या?"

"शहरात मशीनसाठी फोन लावला. मग माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या." ह्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं केलंस पुसलंस ते. निदान माझं मी सांगितलं."

मला रडू आलं. ते लपवायचं कारणही उरलं नव्हतं, म्हणून रडून घेतलं. ह्यांनी तोवर शोधून शोधून ती कानातल्या मशीनची साइट पुन्हा उघडली. खालून ती चौकट वर आली.

"मागच्या वेळी न वाचताच दाबलं," हे म्हणाले. "मधे मधे येत होती, दिसू देत नव्हती काही. काय लिहिलंय ते वाच बरं. बारीक आहे फार."

मी वाचायला लागले, तुमची माहिती आम्ही आणि आमचे सहकारी कशासाठी वापरतो.

"काय? मोठ्यानं वाच."

समोरच्या घरातली बाई तिच्या खिडकीत केस विंचरत उभी होती. मी उठले, आमची खिडकी लावून घेतली, खुर्ची ह्यांच्या डाव्या बाजूला ओढली आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लागले.