तापलेल्या डिस्कवरचा डाग

"भिकन, ब्रेक तापलेला असला की पाय दाबून थांबायचं नाही. देव आडवा आला तरी गाडी चालती ठेव."

योगराजनानांना जाऊन सहा वर्षं झाली, पण चाक उतरवायला घेतलं की भिकनच्या कानात त्यांचाच आवाज. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या या गॅरेजात भिकन आणि सुपडू, दोघेही नानांच्याच हाताखाली घडले. आज चाक उतरवायला भिकन एकटाच होता. सुपडूला शेठनं काल काढून टाकलं होतं.

गाडी शेठची लाडकी. मागची सीट, एसी, सगळं उपसून फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी हलकी केलेली. गेल्या मंगळवारी सुपडूनं तिला नव्या डिस्क आणि नवे ब्रेक पॅड बसवले. रविवारी ट्रॅकवर पहिल्याच मोठ्या वळणाला शेठनं ब्रेक दाबला, तसं स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं आणि गाडी थेट गवतात. लागलं कुणाला नाही. पण चार मित्रांपुढं शोभा झाली, ती शेठला लागली.

"डिस्क कोणी बसवली?" काल आल्या आल्या त्यानं विचारलं.

"मी, शेठ," सुपडू म्हणाला.

"हबवरचा गंज काढला नसशील. म्हणून डिस्क वाकडी बसली."

"घासून आरसा केला होता शेठ! भिकनदादाला विचारा."

शेठनं भिकनकडे पाहिलं. भिकन हातातल्या पान्याकडे पाहत राहिला.

"कालथी ना आवतो," उद्यापासून येऊ नकोस, असं शेठ सुपडूला म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

सुपडूनं एकेक बोट पुसत हात स्वच्छ केले. जाताना एवढंच म्हणाला, "दादा, जीभ पण पॅडमध्ये अडकली का रे?"

आता डिस्क उतरली. ती ज्यावर बसते तो आतला हब खरंच आरशासारखा होता. दोन्ही पुढच्या डिस्कवर मात्र एकेक निळसर काळा डाग, बरोब्बर पॅडच्या आकाराचा. भिकन खाली बसला. तो डाग कुठला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

नवे पॅड घातले की त्यांचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसवावा लागतो. गाडी वेगात न्यायची, दाबून हळू करायची, पण थांबवायची नाही; थांबली की थर एकाच जागी चिकटतो आणि ब्रेक थडथडतो. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक निवेपर्यंत नुसती चालवायची. बुधवारी सकाळी भिकन त्यासाठीच कडोदऱ्याच्या रस्त्याला गेला होता. आठ वेळा नीट झालं. नवव्या वेळी पुलाच्या चढावर देवीचं छोटं देऊळ आलं. लेक हर्षदा तापातून उठली तेव्हा बायकोनं, मालतीबाईनं, देवीला बोलून ठेवलं होतं: आमच्या घरचं माणूस इथून न थांबता जाणार नाही. बारा वर्षं पाळलेलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. चढावर गाडी मागं घसरू नये म्हणून तिथंच राहिला. हँडब्रेक ओढायला हात मोकळे नव्हते, ते जोडलेले होते. उदबत्तीच्या वासात जळका वास मिसळला, तो त्याला कळलाही. मिनिटभरानं काय होतंय, असं वाटलं.

संध्याकाळी तो दोन्ही डिस्क पोत्यात घालून घरी आला तेव्हा मालतीबाई देवापुढं वात लावत होती. मंगळवारचा तिचा उपास. त्याचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "काय जयं?"

"मन्ही चूक शे," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

तिनं वात पुढं सारली. मग हळू म्हणाली, "नवस माझा होता."

"म्हणून तर तोंड उघडत नाही. शेठला काय सांगू, देवीला हात जोडले म्हणून तुमची गाडी बिघडली? हसतील. तिच्या नावानं हसतील."

"मग तिचं नाव घेऊ नका. पायाचं सांगा. पाय तुमचा होता."

"मलाही काढेल. चोपन्नाव्या वर्षी कोण उभं करतं?"

ते मालतीबाईलाही माहीत होतं. निरांजन सारखं करत ती म्हणाली, "दुपारी सुपडूभाऊंची बायको कुसुम आली होती. सुपडूभाऊ कालपासून जेवले नाहीत. म्हणे, कामावरून काढल्याचं नाही एवढं, दादा गप्प बसला त्याचं."

भिकननं देवापुढं पाणी सोडावं तसा हात पुढं केला. "उद्या सांगतो. सुपडूच्या समोर."

सकाळी त्यानं त्या डिस्क त्याच पोत्यात नीट गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधल्या. मालतीबाईनं डबा आणला. त्यानं मान हलवली.

"आज डबा नको. आधी सुपडू जेवू दे."

तिनं डबा पदराखाली घेतला. रोज गॅरेजकडे वळायच्या कोपऱ्यावर त्यानं सायकल सरळ जाऊ दिली, नवागामच्या दिशेनं, सुपडूच्या घराकडे.