दहा इंच वजा

ऐलाचा साहेब ग्रँट यानं कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. कंपनी टोरांटोच्या मालकांनी विकत घेतल्यावर सुरक्षेची तपासणी झाली होती, आणि तपासणाऱ्यांना सगळ्यात आधी खटकलं ते ऐलाचंच काम. वापरणारा जे लिहील ते ॲप निमूटपणे चालवतं. उद्या कुणी वेडंवाकडं लिहिलं तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता.

"हे काढायचं," ग्रँट म्हणाला. "नोव्हेंबरच्या आवृत्तीत नको."

"लोकांचे नियम आहेत त्यात."

"किती लोकांचे?"

आकडा तिला पाठ होता. "एकतीस."

"चार हजारांतले एकतीस, ऐला." त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, म्हणून तिला जास्त लागलं.

ऐला कांगस सत्तावन्न वर्षांची. कॅनडातल्या थंडर बेमध्येच जन्मली, तिथेच नोकरीला लागली, लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं आणि बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले. उत्तरेकडच्या गावांना रस्ता असतो तो फक्त थंडीत, गोठलेल्या तलावांवरून. बर्फ किती जाड, त्यावर किती वजन चालेल, हे सांगणारं ॲप तिचं. ते पहिल्यांदा घेऊन ती विमानानं तिकडच्या एका गावात गेली, तेव्हा तिथल्या बर्फ मोजणाऱ्या टोळीचा मुकादम जोसायस याने फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला होता आणि म्हणाला होता, "बाई, तुझ्या फोनला आमचा तलाव माहीत नाही. जिथे ओढा मिळतो तिथे खालून पाणी बर्फ खातं. दहा इंच वजा धरायचे. हे कोण सांगणार त्याला?"

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली होती.

परत येऊन तीन महिने खपून तिनं ॲपच्या पोटात एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेल्या ओळी वाचून चालवणारा भाग, बसवला. आपल्या तलावाचा नियम साध्या चार शब्दांत लिहायचा. ॲप तो तिथल्या तिथे वाचून हिशेबात धरायचं. गावात इंटरनेट असो वा नसो, नवी आवृत्ती येवो न येवो. जोसायसला ती फोनवरून शिकवायची. तो प्रत्येक नियमाचा शेवटचा शब्द लिहायला विसरायचा आणि ॲप अडून बसायचं. "तुझं यंत्र आमच्या बायकोसारखं आहे," तो म्हणायचा, "एक शब्द राहिला की अबोला." अकरा वर्षांत त्याच्या नियमांच्या दोनशे चाळीस ओळी झाल्या. प्रत्येक खाडीला, प्रत्येक ओढ्याला त्यानं आपल्या भाषेतलं नाव दिलं होतं.

ऐलानं एकतिसांनाही फोन केले. जोसायसला तिनं सांगितलं की आता फक्त जाडी, बर्फाचा प्रकार आणि गाडीचं वजन भरायच्या चौकटी राहतील. जागेला चौकट नाही. मग त्यानं विचारलं, जुनं आहे तसं ठेवलं तर चालेल का? ती म्हणाली, ठेवा, कुणाच्याही फोनवर नवं घेऊ नका. त्यानं टोळीतल्या सगळ्यांना तसं बजावलं.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नाही. 'या तलावाला स्वतःचे नियम होते, ते आता धरलेले नाहीत' अशी सूचना नव्या आवृत्तीत दिसावी म्हणून तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. ग्रँट म्हणाला, गिऱ्हाईक घाबरेल. तिनं वाद घातला नाही. इंटरप्रिटरबरोबर त्या चार ओळीही पुसल्या आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं.

फेब्रुवारीत जोसायस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात आला होता. त्याच आठवड्यात टोळीतल्या एल्डनचा फोन फुटला. त्यानं नवा घेतला, त्यावर ॲप आपोआप नवं आलं. बर्फ सारायचं अवजड यंत्र घेऊन तो ओढ्याच्या तोंडाशी पोचला, भोक पाडून जाडी मोजली, आकडा भरला. पडदा हिरवा झाला, म्हणजे जायला हरकत नाही. एल्डन बेचाळीस वर्षांचा होता. पाणबुडे यायला दोन दिवस लागले.

चौकशी पुढे झाली. ॲपचा सल्ला केवळ मार्गदर्शनासाठी असल्याचं पान कंपनीनं पुढे केलं. ऐलाचं नाव कुठेच आलं नाही.

अंत्यविधीला ती स्वतःच्या खर्चानं गेली. चर्चमधून सगळे शाळेच्या दालनात जेवायला जमले. एल्डनची बायको बर्निस तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रडून चेहरा सुजला होता, पण आवाज शांत होता.

"त्याला हिरवं दिसलं होतं?"

"हो."

बर्निसनं मान हलवली, जवळच्या म्हाताऱ्या बाईच्या हातातली सूपची वाटी घेतली आणि ती ऐलाच्या हातात देऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विमान दुपारी होतं. सकाळी ऐला तलावाकाठी गेली. जोसायस काठी टेकत बर्फावर उभा होता. टोळीतले दोघे नवी वाट आखत होते, ओढ्यापासून पुष्कळ दूर.

"मी काढलं ते," ती म्हणाली. "सूचना लिहिली होती, तीही पुसली. नको म्हणाले, मी ऐकलं."

जोसायस ओढ्याच्या दिशेनं पाहत राहिला. तिथे फांद्या रोवून नारिंगी फडकं बांधलं होतं.

"मीही इथे नव्हतो," अखेर तो म्हणाला. तिला माफ केलं म्हणाला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्याच्यापुढे नुकतंच पाडलेलं भोक होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. त्याचा गुडघा वाकत नव्हता. त्यानं टोकाला आकडी असलेली मोजपट्टी तिच्यापुढे धरली.

ऐला गुडघ्यांवर बसली. बाही वर सारून तिनं पट्टी पाण्यात सोडली, आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकेपर्यंत ओढली. हात कोपरापर्यंत बधिर झाला.

"बावीस," ती म्हणाली.

"त्यात वरचा पांढरा बर्फ किती?"

तिनं वाकून कडा निरखली. "सहा."

"पांढरा कच्चा असतो, निम्माच धरायचा," जोसायस म्हणाला. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, वहीत एकोणीस लिहिलं, आणि काठी टेकत पुढच्या भोकाकडे चालू लागला. ऐला ओली पट्टी घेऊन त्याच्या मागून निघाली.