मधल्या खोलीसाठी आलेली बाई

मावशींच्या घरात चार खोल्या होत्या. एकीत त्या स्वतः राहत आणि बाकीच्या तीन जेवणासकट भाड्याने देत. समोरच्या खोलीत इस्पितळातली सिस्टर होती. जिन्याजवळच्या खोलीत एक शिंपी होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. आणि मधल्या खोलीत बारा वर्षं काका राहत होते. काका पुस्तकं बांधायचे. नखांत वाळलेली खळ तशीच घेऊन ते जेवायला बसायचे आणि सिस्टर त्यांना रोज हात धुवायला परत उठवायची. मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांनी त्यांना पंधरा दिवस पेपर वाचून दाखवला होता, अगदी लग्नाच्या जाहिरातींसकट. "यातली एखादी तुमच्यासाठी बघू का?" असं मधूनच विचारायचे. कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नव्हतं, पण एकाला ठेच लागली की बाकीचे तिघं कळवळायचे.

थंडी सरता सरता काका गेले. छातीत कळ आली, दोन दिवस इस्पितळात काढले आणि तिसऱ्या सकाळी सगळं संपलं. महिनाभर मधल्या खोलीचं दार कुणी उघडलं नाही. मग एक दिवस मावशींनीच मन घट्ट केलं. कपडे कोपऱ्यावरच्या वॉचमनला दिले, हत्यारं काकांच्या कारखान्यात पोचवली, गादीला ऊन दाखवलं आणि फाटकावर पाटी लावली. नवा माणूस तिघांनी मिळून निवडायचा असं ठरलं. तसा सिस्टरचा आग्रहच होता.

रविवारी तिघं जण आले. पहिला विमा एजंट. तो खोली बघायला म्हणून आला आणि मास्तरांचा विमा उतरवायलाच बसला. दुसरा कोर्टातला टायपिस्ट, तरुण आणि नीटनेटका. विचारलं तेवढंच बोलला. तिसरी एक बाई आली, चाळिशीच्या आसपासची. ती शहर बसवर कंडक्टर होती. अंगठा तिकिटांच्या शाईने कायमचा काळवंडलेला. तिने सिस्टरला आपल्या बसमधल्या गमती सांगितल्या, मास्तरांना युनिफॉर्मची उसवलेली शिवण दाखवून सल्ला विचारला, आणि पाच मिनिटांत दोघांनाही आपलंसं केलं.

मावशी मात्र तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. ऐकताना ती मान डावीकडे कलती करायची आणि उजवी भुवई जराशी वर जायची. हुबेहूब काकांसारखी. मग तिने खोली बघितली. खिडकीपाशी उभी राहिली आणि विचारलं, आधी इथे कोण राहायचं? ते खाटेवर कुठल्या बाजूला डोकं करून झोपायचे?

मावशींना कळायचं ते कळलं. इस्पितळात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका त्यांना म्हणाले होते की मला एक मुलगी आहे, तीस वर्षांपूर्वी मी घर सोडलं तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला कळवायला हवं. मावशींनी त्यांचा हात थोपटला होता आणि बरे व्हा, मग तुम्हीच कळवा, म्हणून वेळ मारून नेली होती. पत्ता विचारला नव्हता. पुढे त्यांनी ही गोष्ट घरात कुणालाच सांगितली नाही.

त्या दिवशी ती बाई गेल्यावर मास्तर म्हणाले, "हिलाच घेऊ या. आपल्यातलीच वाटते."

मावशी म्हणाल्या की तिची पहाटेची ड्युटी असते, घराची झोपमोड होईल. सिस्टर हसली. माझ्या ड्युट्या काय घड्याळ बघून असतात का, असं तिने विचारलं. मास्तरांनीही तिची री ओढली. तेव्हा मावशी एकदम बोलून गेल्या, "घर माझं आहे. कोणाला ठेवायचं ते मी ठरवीन."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सिस्टर उठून आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर बाई विचारायला आली तेव्हा मावशींनी फाटकातूनच सांगितलं की खोली गेली. तिने मान कलती करून ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि निघून गेली.

टायपिस्ट राहायला आला. त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची बॅग भरलेली असायची. त्याला आई होती, वडील होते, दोन बहिणी होत्या. त्याला खोली हवी होती, तेवढी त्याला मिळाली होती. जेवायला आता चौघं बसत, पण बोलणं तिघांपुरतंही होत नसे. मावशींना घास गोड लागेना. भांडी घासताना, कुलूप लावताना, कधीही त्यांना फाटकापाशी उभी असलेली ती बाई दिसे.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी दोघी गवार मोडत बसल्या असताना सिस्टर म्हणाली की मघाशी त्या कंडक्टर बाईच्या बसमधून आले. काका गेल्याचं तिला ठाऊक होतं. शेवटी त्यांना फार त्रास झाला का, असं विचारत होती. "तिला काय पडलंय हो त्याचं?"

मावशींचे हात थांबले. मग त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. बारा वर्षं जो माणूस आपला होता तो एका दिवसात दुसऱ्याचा होईल, आपण नुसत्या घरमालकीण उरू, या भीतीने आपण असं वागलो, हेसुद्धा सांगितलं.

सिस्टरने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुम्ही मला आईसारख्या आहात म्हणून तोंडावर सांगते, मावशी. हे फार वाईट केलंत."

दुसऱ्या दिवशी मावशी डेपोत गेल्या. ती कंडक्टर बाई बाकावर बसून डबा खात होती. मावशींना बघून तिने डब्याला झाकण लावलं आणि सरकून जागा दिली. मावशींनी माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"तुम्ही मला ओळखलंत, ते मला खोलीतच कळलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"आधी नुसतं राहायचं होतं. चार दिवस सगळ्यांच्या पंगतीत जेवायचं आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे म्हणाला असता, ही बघा मुलगी, बाप गेल्यावर उगवली." ती जरा थांबली. "बाबांना शोधत कारखान्यात पोचले, ते गेल्याचं तिथे कळलं, म्हणून मी इस्पितळात गेले होते. तिथे रजिस्टरमध्ये तुमचं नाव होतं. नातं, बहीण. म्हटलं, अरे, मला आत्या आहे! कुणी कधी सांगितलंच नव्हतं."

काका गेले त्या सकाळी इस्पितळाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं की तुम्ही मयताच्या कोण. घरमालकिणीच्या ताब्यात ते काकांना देणार नव्हते, म्हणून मावशींनी बहीण असं लिहिलं होतं. ते खोटं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि त्याच बहिणीने भाचीला फाटकातून परत पाठवलं होतं.

मावशींनी स्वतःची खोली तिला देऊ केली. ती नको म्हणाली, तिला डेपोच्या क्वार्टर्समध्ये जागा मिळाली होती. बाबांचं काही सामान आहे का, असं तिने विचारलं. काहीच नव्हतं. मावशींनी सगळं वाटून टाकलं होतं. शेवटी त्यांनी तिला रविवारी जेवायला बोलावलं. ती येते म्हणाली आणि आली.

टायपिस्ट घरी गेलेला होता. त्याची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती, म्हणून ती मधल्या खोलीत थोडा वेळ एकटी बसली. मग सगळे जेवायला बसले. मास्तरांनी लग्नाच्या जाहिरातींची गोष्ट सांगितली, काकांचा आवाज काढून. सिस्टरने हात धुण्याची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता हसली. ती बाई ऐकत होती. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"जेवताना बोलायचे ते?" तिने विचारलं. "आमच्याकडे नाही बोलायचे. बाबा जेवायला बसले की आई आम्हाला डोळ्यांनी दटावायची. भांड्याचा आवाज झाला तरी पान सरकवून उठून जायचे. ते हसले की कसे दिसतात, ते मला आठवत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "सांगा ना अजून." मग मास्तर सांगत राहिले, पण आता काकांचा आवाज न काढता.

निघताना मावशी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या. पुन्हा कधी येशील, असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो हक्क आपण आपल्याच हाताने घालवला, असं वाटून त्यांनी ते विचारलं नाही. बस आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, ती त्याच्याशी बोलत आत चढली. पुढच्या महिन्यात तिची बदली झाल्याचं सिस्टरला बसमध्येच कळलं. कुठे झाली, ते नव्या कंडक्टरला सांगता आलं नाही.