कुलूप लावलेली टाकी

मित्रांनो, मिरजगावात तेलाच्या दुकानामागे बाभळीखाली जी जुनी जीप उभी आहे ना, ती मी. सीटवर खुशाल उड्या मारा, स्टिअरिंग गरगर फिरवा. फक्त ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी आहे, तिच्या झाकणाला हात लावू नका. तिथं कुणाचा हात गेला की माझ्या मनात अजून पाल चुकचुकते. संशयी म्हणा हवं तर. ज्या घरात आयुष्य काढलं, तिथं मी दुसरं काय शिकणार होते?

माझं तरुणपण लष्करात गेलं. भिंगारच्या छावणीत मला रोज पुसत, वंगण देत, रांगेत उभी करत. वय झालं तसं लिलावात काढलं आणि कानिफनाथ नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्यानं मला घरी आणलं. गाव त्याला कानिफशेठ म्हणायचं. माणूस कष्टाळू, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारा. पण डोक्यात सदा संशयाचा भुंगा. दूधवाला पाणी घालतो, हमाल पोत्यात हात घालतो, जावई गोड बोलला म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार! असं सगळं.

माझं पेट्रोलचं इंजिन भलतंच खादाड होतं. म्हणून शेठनं नगरच्या मच्छिंद्र मिस्त्रीकडून ते काढून टाकलं आणि अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं डिझेल इंजिन माझ्यात बसवलं. परक्याचं काळीज आपल्या छातीत धडधडतंय म्हटल्यावर कुणाला चैन पडेल? ते खडखडायचं, मी थरथरायचे. आमचं काही जमेना. टाकी मात्र माझीच राहिली.

जमवलं ते अलीमनं. अलीम माझा ड्रायव्हर. गावातलाच, उंच, कमी बोलणारा. गिअर असा टाकायचा की मला कळायचंही नाही. एरवी तेलाचे डबे, बाजारच्या दिवशी माणसं, आणि कुणी बाई अडली तर रात्री-अपरात्री नगरचा दवाखाना. "अलीम चाकावर हाय ना, मग पोचलोच समजा," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मी फुगायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बहुतेक विहिरी तळाला गेल्या. ज्यांच्या विहिरीत घोटभर पाणी उरलं होतं, ते डिझेलचे पंप लावून उपसत होते. डिझेल मिळता मिळेना. दुकानात कुणीतरी बोलून गेलं, "शेठ, डायवर लोक टाकीतनं काढून पंपवाल्यांना इकत्यात म्हनं." झालं! भुंग्याला खाद्य मिळालं.

दुसऱ्याच दिवशी शेठनं लोहाराकडून टाकीच्या झाकणाला कडी-कोयंडा करून घेतला आणि पितळी कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या करगोट्याला. झाकणाखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून गच्च बसवलं. झाकणात सुईएवढं बारीक भोक होतं, मूळचंच. शेठ ते निरखत म्हणाला, "ह्यातनंच नळी घालत असंल." सुईच्या भोकातून नळी! पण संशयाला एवढं कुठं दिसतं? त्यानं त्या भोकावर कथलाचा डाख लावून ते कायमचं बुजवलं.

तेव्हापासून मला धाप लागायला लागली. मांडवगण गाव मागं पडायचं, पोटात काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, इंजिन दोन आचके द्यायचं आणि गप्प. मला वाटलं, हे परकं इंजिनच कामचुकार आहे. थोडा वेळ उभं राहिलं की पुन्हा चालू व्हायचं, आणखी थोडं गेलं की पुन्हा बंद. अलीमनं मला मच्छिंद्र मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं फिल्टर धुतला, पाइप काढून त्यातून टाकीकडं जोरात फुंकर मारली, इंजिनकडच्या नळीत अडकलेली हवा काढली. मी सशासारखी पळाले. "कचरा हुता," तो म्हणाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्यानं पंप उघडला, पाइप बदलला, पुन्हा फुंकर मारली. त्याच्या दारात मी ठणठणीत, रस्त्यावर आजारी. शेवटी मिस्त्रीनं हात वर केले.

शेठचं तर आणखीच चमत्कारिक. मी बंद पडले असा निरोप आला की तो सायकल हाणत यायचा, आधी कुलूप उघडायचा, काठी घालून डिझेल बघायचा आणि मग म्हणायचा, "कर चालू." मी लगेच चालू व्हायचे! शेठचे डोळे बारीक व्हायचे. अलीम तोंडात मारल्यासारखा उभा राहायचा. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं होतं? आणि खरं म्हणजे, सांगायचं काय ते मलाही ठाऊक नव्हतं.

बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, चार लोकांच्या देखत शेठनं तोंड उघडलं. "अलीम, मी आलो की गाडी पळती आन् तू एकला असला की मरती. ह्यात कुठंतरी पानी मुरतंय. डिझेल कुनाला देतो, सांग."

टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "किल्ली तुमच्यापाशी हाय शेठ," अलीम म्हणाला.

"चोराला किल्ली लागती व्हय?"

अलीमनं माझी किल्ली बॉनेटवर ठेवली. माझ्या मडगार्डवर एकदा हात फिरवला आणि गेला. त्या वर्षी हातचं काम जाणं म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसांना विचारा. तो आणि त्याची बायको शरिफा, दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. गावानं मात्र ठरवूनच टाकलं की अलीम चोर. त्यानंतर कुणी त्याला गाडीवर घेईना.

मग शेठ स्वतःच मला चालवू लागला. नगरहून तेलाचे डबे घेऊन येताना रुईछत्तीशीच्या पुढं, भर उन्हात, मी आचके दिले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, संशय घ्यायला माणूसच नाही! शेठ घाम पुसत खाली उतरला. डिझेल तरी आहे का बघू म्हणून त्यानं कुलूप काढलं, तर झाकण निघेना. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा निघालं, आणि माझ्या टाकीनं 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

शेठ झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. तेलाचा व्यापारी तो. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, हवेसाठी दुसरं भोक पाडावं लागतं, हे त्याच्या हातांना पाठ होतं. भोक बुजवल्यापासून टाकीत हवा शिरायची ती फक्त मिस्त्रीनं फुंकर मारली किंवा त्यानं स्वतः झाकण उघडलं तेव्हाच. तरी खात्री करायला त्यानं झाकण पुन्हा गच्च लावलं आणि मला हाकललं. मी बंद पडले. झाकण उघडलं, मी चालू झाले. मग त्यानं दगडानं खिळा ठोकून तो डाख फोडला. तिथून मिरजगावापर्यंत मी एकदाही अडखळले नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं, आणि काही दिवस तो बसलाही. "मिस्त्रीनं दुरुस्त केली," असं सांगायचा. पण जेवण जाईना त्याला. एका सकाळी त्यानं मला खडीच्या कामावर नेलं. अलीम उन्हात बसून हातोडा मारत होता, शेजारी शरिफा. शेठ हळूच त्याच्याजवळ वाकला. "अलीम, चूक माझी हुती. झाकनाचं भोक मीच बुजिवलं. उद्यापासनं ये."

अलीमनं हातोडा थांबवला नाही. शरिफाच बोलली, "शेठ, चोर म्हनला तवा समदं स्टँड ऐकत हुतं. आता कानात का सांगताय?"

शेठ ताठ उभा राहिला. मग सगळ्या कामकऱ्यांकडं तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "अलीमनं थेंबभर बी डिझेल चोरलं न्हाई. मी त्याला चोर म्हनलो, ते खोटं हुतं." हातोडे थांबले.

अलीम उठला. माझ्याजवळ आला, बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन ऐकत राहिला. मला वाटलं, आता हा चाकावर बसणार. माझं सगळं अंग आनंदानं थरथरत होतं.

"गाडी चांगली चालतीय," तो म्हणाला. "दुसरा डायवर बघा, शेठ. हिच्यात बिघाड हुनार न्हाई आसं कोन सांगंल? उद्या परत बंद पडली, तर तुमी परत माझ्याच तोंडाकडं बघाल."

मित्रांनो, मला त्याचं म्हणणं पटलं.

पुढं शेठनं कुलूप कायमचं काढून टाकलं. ड्रायव्हर आले, गेले, चांगलेही होते. पण अलीमसारखा गिअर कुणी टाकला नाही. मी म्हातारी झाले, इथं येऊन पडले. तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे: यंत्र बिघडलं तर झाकण उघडा, पाइप काढा, हवं तर पुन्हा पुन्हा तपासा, ते काही मनाला लावून घेत नाही. माणसावर बोट मात्र अगदी शेवटी उचला. बॉनेटवरचा तो तळवा मी अजून विसरले नाही. अलीम त्या दिवशी पुन्हा खडी फोडायला बसला, आणि शेठनं मला रिकामीच घरी आणली.